फोटोत त्याच जागी पुन्हा पुन्हा उमटणारे ठिपके : कॅमेऱ्याच्या सेन्सरची घरच्या घरी तपासणी आणि सफाई

वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या फोटोंत आकाशाच्या त्याच कोपऱ्यात तोच करडा ठिपका दिसू लागला, की सेन्सरवर धूळ बसली असा निष्कर्ष निघतो, आणि बहुधा तो बरोबरच असतो. चुकते ते त्यापुढचे पाऊल. स्वतःचे आणि ओळखीच्या छायाचित्रकारांचे कॅमेरे अनेक वर्षे साफ करताना मी पाहत आलो आहे, की लोक सगळ्यात आधी द्रावण आणि स्वॅब, म्हणजे टोकाला कापड लावलेली पुसण्याची चपटी कांडी, मागवतात, आणि जी धूळ हवेच्या दोन-चार झोतांनी उडाली असती तीच काचेवर घासत बसतात. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम फुकटच्या तपासणीपासून सुरू करून खर्चाच्या आणि जोखमीच्या उपायांकडे नेला आहे. प्रत्येक पायरीनंतर चाचणीचा फोटो काढावा आणि ठिपके गेले असतील तर तिथेच थांबावे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याला आपण सेन्सर साफ करणे म्हणतो, त्यात प्रत्यक्ष सेन्सरला कोणी हात लावत नाही. प्रकाशाची नोंद करणाऱ्या सिलिकॉनच्या पृष्ठभागापुढे काचेचे थर असतात. त्यांत अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे टाळणारा लो-पास फिल्टरही असतो. धूळ बसते ती यांपैकी सर्वांत बाहेरच्या काचेवर. या काचेवर परावर्तन कमी करणारे अतिशय पातळ लेपन असते आणि खरी जपणूक करायची ती या लेपनाची. त्यावर ओरखडा पडला तर तो पुसून जात नाही. फिल्टरची काच किंवा पूर्ण सेन्सरचा भाग बदलावा लागतो, आणि तो खर्च कित्येकदा जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करतो.

लक्षणे

साध्या धुळीचा ठिपका करडा, साधारण गोल आणि मऊ कडांचा असतो. लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात, आणि त्याचा एफ-आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. धुळीचा ठिपका एफ/१६ ला स्पष्ट दिसतो, एफ/८ ला पुसट होतो आणि एफ/२.८ ला जवळजवळ नाहीसा होतो. कापसाचा किंवा लोकरीचा तंतू असेल तर ठिपक्याऐवजी वाकडीतिकडी रेघ दिसते. तेलाचा बारीक थेंब बहुधा अगदी गोल असतो आणि त्याची कड गडद, तर मधला भाग तुलनेने उजळ दिसतो. वाळलेल्या पाण्याचा डाग वलयासारखा उमटतो. परागकण गोल आणि गडद असतात, आणि हवेच्या झोताला दाद देत नाहीत. पावसाळ्यानंतर फुलांच्या पठारांवर, विशेषतः कासला, गुडघ्यावर बसून वारंवार लेन्स बदलणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांत ते मला नेहमी सापडतात.

काही लक्षणे सेन्सरची वाटतात, पण त्याची नसतात. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीत) दिसणारा पण फोटोत न उमटणारा कण आरशावर किंवा त्या खिडकीसाठी प्रतिमा उमटवणाऱ्या फोकसिंग स्क्रीनवर असतो. तो दिसायला त्रासदायक असला तरी फोटोला निरुपद्रवी असतो, आणि फोकसिंग स्क्रीन अत्यंत नाजूक असल्यामुळे तो तसाच राहू द्यावा. लाल, निळा किंवा पांढरा, एकाच पिक्सेलएवढा टोकदार बिंदू हा बिघडलेला पिक्सेल असतो. अ‍ॅपर्चर बदलल्याने त्यात फरक पडत नाही, तो लांब एक्स्पोजरमध्ये किंवा वाढीव आयएसओला, म्हणजे वाढवलेल्या प्रकाशसंवेदनशीलतेला, जास्त उठून दिसतो, आणि पुसण्याने जाण्याचा प्रश्नच नसतो. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत असे पिक्सेल झाकण्यासाठी पिक्सेल मॅपिंगची सोय असते. फ्लॅश वापरून पावसात किंवा धुळीत काढलेल्या फोटोत जे पांढरट गोळे दिसतात आणि प्रत्येक फोटोत जागा बदलतात, ते लेन्ससमोरच्या हवेतल्या थेंबांवरून किंवा कणांवरून परतलेल्या प्रकाशाचे असतात. संपूर्ण फोटो धुरकट दिसत असेल आणि दिव्यांभोवती प्रभा पसरत असेल, तर लेन्सच्या आतल्या बुरशीचा संशय घ्यावा; मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचा तो नेहमीचा आजार आहे, आणि सेन्सर कितीही चकचकीत केला तरी तो बरा होत नाही.

पहिली तपासणी : ठिपका नक्की कुठे आहे

हिला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटे पुरतात. तोच फोटो दुसऱ्या लेन्सने काढावा. ठिपका त्याच जागी राहिला तर तो सेन्सरवर आहे, गेला तर पहिल्या लेन्सवर. एकच लेन्स असेल तर एकाच अ‍ॅपर्चरला, पण लेन्स झूम करून दोन टोकांना दोन फोटो काढावेत. सेन्सरवरच्या ठिपक्याची जागा झूमने बदलत नाही. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ सहसा ठिपका म्हणून उमटतच नाही, कारण ती फोकसच्या फार बाहेर असते. मागच्या काचेवरचा मोठा कण मात्र लहान अ‍ॅपर्चरला मोठ्या, पसरट छायेच्या रूपात दिसू शकतो. ही तपासणी टाळली, तर निर्दोष सेन्सरवर विनाकारण स्वॅब फिरवला जातो आणि आधी नसलेला डाग तयार होतो.

चाचणीचा फोटो

पुढचे सगळे निर्णय या एका फोटोवर अवलंबून असल्यामुळे तो नीट काढणे गरजेचे आहे. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे, एक्स्पोजरची वेळ कॅमेऱ्याने) ठेवून एफ/१६ आणि आयएसओ १०० निवडावे, ऑटोफोकस बंद करावा, आणि निरभ्र आकाशाकडे, पांढऱ्या भिंतीकडे किंवा संगणकाच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याकडे मुद्दाम फोकस बिघडवून फोटो काढावा. भिंत किंवा पडदा वापरत असाल तर एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कॅमेरा हातानेच थोडा हलवत राहावा. भिंतीची खरखर आणि पडद्याचे पिक्सेल त्यामुळे मिसळून जातात. ठिपके मात्र सेन्सरबरोबरच हलत असल्यामुळे जागचे ढळत नाहीत. मग संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून तो पूर्ण आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. फोटो संपादनाचे लाइटरूम हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना व्हिज्युअलाइझ स्पॉट्स या सोयीचा इथे चांगला उपयोग होतो.

एफ/१६ च का, हे समजून घेतले तर पुढची बरीच काळजी कमी होते. समजा बाहेरची काच सेन्सरपासून सुमारे २ मिलिमीटर पुढे आहे आणि तिच्यावर ०.०५ मिलिमीटरचा कण बसला आहे. सेन्सरच्या एका बिंदूवर पोहोचणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेजवळ, काचेतले वक्रीभवन सोडून दिले तर, एफ/२.८ ला सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतो आणि एफ/१६ ला जेमतेम ०.१२५ मिलिमीटर. म्हणजे एफ/२.८ ला तो कण त्या बिंदूकडे जाणाऱ्या प्रकाशापैकी अर्धा टक्का अडवतो, तर एफ/१६ ला तब्बल १६ टक्के. कण तोच असतो, पण पहिल्या फोटोत त्याची सावली विरून जाते आणि दुसऱ्यात २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटरच्या) सेन्सरवर ती सुमारे वीस पिक्सेल रुंदीचा डाग पाडते. लग्नसमारंभात किंवा व्यक्तिचित्रांत कायम एफ/२ ते एफ/४ वापरणाऱ्याला जो सेन्सर स्वच्छ वाटतो, तोच निसर्गचित्रे काढणाऱ्याला घाणेरडा का वाटतो, ते यावरून कळेल.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की एफ/२२ ला कॉन्ट्रास्ट ताणून सापडलेला प्रत्येक ठिपका घालवण्याची गरज नाही. आपण प्रत्यक्षात ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढतो, त्याला जे दिसते तेवढेच साफ करण्याजोगे असते. कोपऱ्यात दोन फिकट ठिपके असतील तर ते संगणकावर काढून टाकावेत आणि कॅमेरा बंद करून ठेवावा, हा माझा प्रामाणिक सल्ला आहे.

ठिपक्याची जागाही टिपून ठेवावी. लेन्स सेन्सरवर उलटी प्रतिमा टाकते, म्हणून फोटोत वरच्या बाजूला दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो. डावी-उजवी बाजू मात्र समोरून सेन्सरकडे पाहताना फोटोतल्यासारखीच राहते. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर कॅमेरा सरळ धरून समोरून पाहताना तो खाली डावीकडे शोधावा.

कॅमेऱ्याची स्वतःची सफाई

सेन्सरपुढची काच अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय २००३ साली ओलिंपसच्या ई-१ मध्ये आली, आणि पुढे कॅननने ती २००६ साली ४००डी मध्ये तर निकॉनने २००७ साली डी३०० मध्ये दिली. आज लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती असते आणि कॅमेरा सुरू किंवा बंद होताना आपोआप चालते. मेनूतून हवी तेव्हाही चालवता येते. कॅमेरा टेबलावर नेहमीसारखा बुडावर ठेवून ती चालवावी, कारण अनेक कॅमेऱ्यांत झटकलेली धूळ पकडण्यासाठी चिकट पट्टी सेन्सरच्या खालच्या बाजूला बसवलेली असते. तीन-चार वेळा चालवून फरक पडला नाही तर पुढे चालवत राहण्यात अर्थ नसतो. काही कॅमेरे तर लागोपाठ वापरल्यावर ही सोय थोडा वेळ बंदच ठेवतात. कोरडी, नुकतीच बसलेली धूळ या थरथरीने जाते. तेल, परागकण आणि दमट हवेत चिकटून वाळलेली धूळ जात नाही. इतकी माहितीही उपयोगाची आहे, कारण उरलेला ठिपका कोणत्या जातीचा आहे याचा पहिला सुगावा इथेच लागतो.

सेन्सरआधी त्याच्या आजूबाजूची जागा

वारंवार तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत खरे कारण बहुधा इथे सापडते, आणि हीच पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते. लेन्सची मागची टोपी खिशात किंवा बॅगेच्या तळाशी मोकळी पडलेली असते. तिच्यात कापसाचे तंतू आणि बॅगेतली धूळ जमते, ती टोपी लेन्सवर बसते, आणि ती लेन्स कॅमेऱ्यावर. सेन्सर दहा वेळा साफ केला तरी धूळ आठवडाभरात परत येते ती या वाटेने. लेन्सची मागची आणि कॅमेऱ्याच्या तोंडाची, अशा दोन्ही टोप्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. लेन्सचे आणि कॅमेऱ्याचे धातूचे कडे कोरड्या मायक्रोफायबरने पुसावे, आणि त्यावर वंगणाचा ओशटपणा असेल तर ते कापड पुन्हा कशालाच वापरू नये. लेन्सची मागची काच हाताने दाबायच्या रबरी फुंकणीने झटकावी. बॅग उलटी करून झाडावी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो बॅगेसाठी वापरावा, कॅमेऱ्याच्या आत कधीही नाही.

बाहेर सरकणाऱ्या झूम लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढतात आणि सोडतात. ताडोबाच्या उन्हाळी सफारीत उघड्या जिप्सीत बसून अशी लेन्स दिवसभर चालवली, तर एकदाही लेन्स न बदलता सेन्सरवर धूळ येऊ शकते. अशा प्रवासानंतर लेन्सचा सरकणारा नळकांड्यासारखा भाग पूर्ण बाहेर काढून पुसावा आणि मगच आत घ्यावा.

जेजुरीचा भंडारा आणि मिरवणुकीतला गुलाल यांच्याबद्दल वेगळे सांगायला हवे. भंडाऱ्यातली हळद बारीक असते आणि चिकटून बसते. ती ओली झाली की तिचा लेप होतो. त्यामुळे अशा ठिकाणाहून आल्यावर ओल्या स्वॅबचा विचारही करू नये. आधी कॅमेऱ्याचे बाहेरचे अंग, बटणांच्या फटी आणि लेन्सचे कडे कोरड्या ब्रशने पूर्ण मोकळे करावे, आणि त्यानंतरच लेन्स काढावी. लेन्स काढण्याची घाई केली, तर बाहेरची पूड आत जाण्यासाठी दार उघडून दिल्यासारखे होते.

फुंकणी

चांगली रबरी फुंकणी, जिला सगळे ब्लोअर म्हणतात, काही शे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. या सगळ्या व्यवहारात माझ्या मते सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच आहे. मोठ्या आकाराची, हवा मागून आत घेणारी झडप असलेली फुंकणी घ्यावी. झडप नसलेली फुंकणी नळीच्या टोकातूनच हवा ओढते आणि नुकतीच उडवलेली धूळ पुन्हा आत घेते. ब्रश जोडलेली छोटी फुंकणी इथे वापरू नये.

जागा निवडताना खोलीतला पंखा आणि एसी किमान अर्धा तास आधी बंद करावा, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. फरशी पुसून घेतलेली असावी. ज्या खोलीत नुकतीच उदबत्ती किंवा धूप लावला असेल ती टाळावी, कारण तिथल्या हवेत राख आणि तेलकट काजळी तरंगत असते. अंगात लोकरीचे कपडे नसावेत आणि टेबलावर टॉवेल अंथरू नये.

बॅटरी पूर्ण चार्ज करावी. डीएसएलआरमध्ये मेनूतून हाताने सफाई करण्याचा पर्याय निवडला, की आरसा वर जातो, सेन्सर झाकणारा शटरचा पडदा उघडतो आणि कॅमेरा बंद करेपर्यंत दोन्ही तसेच राहतात. बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंतच शटर उघडे राहते अशा मोडवर, शटरचे बटण दाबून धरून सफाई करण्याचा जुना जुगाड करू नये: बोट निसटले तर धावणारा पडदा हातातल्या वस्तूवर आपटतो, आणि बॅटरी संपली तरीही तेच होते. पडद्याची पाती अत्यंत पातळ असतात, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे थेट शटर बदलणे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने सेन्सर लेन्स काढताच समोर दिसतो. कॅननच्या ईओएस आर सारखे काही कॅमेरे मात्र बंद केल्यावर पडदा मिटून घेतात. मिटलेल्या पडद्यावर कधीही जोराने हवा मारू नये. मेनूतून तो उघडूनच काम करावे.

कॅमेरा लेन्सचे तोंड जमिनीकडे करून धरावा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. फुंकणी आधी दोन-तीनदा बाहेरच दाबून तिच्यातली धूळ काढून टाकावी. मग नळीचे टोक कॅमेऱ्याच्या कड्याच्या पातळीच्या बाहेरच ठेवून, आत न घालता, जोरदार आठ-दहा झोत द्यावेत. टोक आत गेले आणि हात हलला, तर ते थेट काचेवर आपटते. काम झाल्यावर तोंड खालीच ठेवून टोपी लावावी, कॅमेरा बंद करून सुरू करावा आणि चाचणीचा फोटो काढावा. ठिपके कमी झाले पण गेले नाहीत, तर ही पायरी पुन्हा करावी. ठिपके नुसते जागा बदलत असतील तरी ती चांगली खूण आहे, कारण याचा अर्थ कण सुटे आहेत आणि ते स्पर्श न करता जाणार आहेत.

तोंडाने फुंकू नये, कारण लाळेचे सूक्ष्म थेंब काचेवर वाळतात आणि साध्या धुळीच्या जागी हट्टी डाग येतो. डब्यातली दाबाखालची हवाही वापरू नये. डबा तिरका झाला की आतला द्रव थंडगार फवाऱ्यासारखा बाहेर येतो आणि काचेवर त्याचा थर बसतो. सर्व्हिसिंगच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर तर नकोच, त्याच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असते.

माझ्याकडे येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचे काम इथे संपते.

ब्रश आणि चिकट कांडी

या दोन मधल्या उपायांवर मी फार वेळ घालवत नाही. सेन्सरसाठी बनवलेला ब्रश कोरडी धूळ उचलतो खरा, पण त्याचे केस एकदा जरी आरशाच्या पेटीच्या कडेला किंवा वंगणाला लागले, तरी पुढच्या फटकाऱ्यात ते तेल काचेभर पसरते. जेलची चिकट कांडी एकेका कणाला टिपून उचलते आणि चिकट कागदावर स्वच्छ करून पुन्हा वापरता येते. मोजके, जागा माहीत असलेले कण असतील तर ती उपयोगी पडते. मात्र काही कांड्या विशिष्ट सेन्सरच्या लेपनाला धरून ठेवतात, म्हणून आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी ती चालते असे बनवणाऱ्याने लिहिलेले असल्याशिवाय ती घेऊ नये. तेलाच्या थेंबावर ती मुळीच वापरू नये.

ओला स्वॅब

इथपर्यंत येऊनही ठिपके हलत नसतील, तरच हा उपाय करावा. तत्पूर्वी फुंकणीची पायरी पुन्हा एकदा करणे बंधनकारक समजावे, आणि समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तर दोनदा. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापाने ७ असते, साध्या काचेची साधारण ५.५ ते ६. वाळूचा एक कण स्वॅबखाली सापडला, तर तो काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत जातो.

स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी हवी. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरला २४ मिलिमीटरचा, सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरच्या एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटरचा, आणि १७.३ बाय १३ मिलिमीटरच्या फोर थर्ड्स सेन्सरला त्याहून अरुंद स्वॅब येतो. अरुंद स्वॅबने मोठा सेन्सर पुसला तर दोन फेऱ्यांच्या मध्ये द्रावणाची रेघ उरते; रुंद स्वॅब कडेच्या चौकटीत अडकून तिथले वंगण ओढून आणतो. स्वॅब सीलबंद पाकिटातला आणि एकदाच वापरण्याचा असावा.

द्रावणे मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. मेथॅनॉलवर आधारलेले द्रावण तेल चांगले काढते आणि रेघा न सोडता झटकन उडून जाते, परंतु मेथॅनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. ते खिडकी उघडी ठेवून, देवापुढचा दिवा आणि गॅसपासून दूर, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी वापरावे. पाण्यावर आधारलेले द्रावण सावकाश वाळते आणि कधीकधी फिकट रेघ सोडते, पण समुद्राच्या तुषारांतून आलेल्या मिठाच्या डागाला तेच उपयोगी पडते, कारण मीठ मेथॅनॉलमध्ये पाण्याच्या मानाने फारच कमी विरघळते. कोकणातून परतलेल्या कॅमेऱ्यावर डाग निघत नाही म्हणून मेथॅनॉलने चार-चारदा पुसणारे लोक मला भेटतात; तिथे जोर वाढवायचा नसून द्रावण बदलायचे असते.

चष्मा पुसण्याचे द्रावण, हँड सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, कान कोरण्याच्या कापसाच्या काड्या आणि जुना मऊ टी-शर्ट यांपैकी काहीही कॅमेऱ्याच्या आत जाता कामा नये. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन आणि सुगंध असतात, त्यांचा थर काचेवर राहतो. रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन आजूबाजूच्या प्लास्टिकला खाते. आणि कापूस तंतू सोडतो.

स्वॅबच्या टोकाच्या कडेवर द्रावणाचे एक किंवा दोन थेंब टाकावेत, फुल-फ्रेमला फार तर तीन, आणि ते कापडात पसरण्यासाठी काही सेकंद थांबावे. कापड ओलसर हवे, टिपटिपणारे नको, कारण जास्तीचा द्रव काचेच्या कडेला साचून वाळतो आणि चौकटीखालीही झिरपू शकतो. डीएसएलआर उताणा, म्हणजे लेन्सचे तोंड वर करून, ठेवून, स्वॅब किंचित तिरपा धरून, सेन्सरच्या एका अरुंद कडेला टेकवावा आणि एकाच संथ, अखंड ओढीत दुसऱ्या कडेपर्यंत न्यावा. दाब इतकाच, की स्वॅबचे टोक जरासे वाकलेले दिसावे. दुसऱ्या कडेला पोहोचल्यावर तो उचलून विरुद्ध बाजूला तिरपा करावा आणि न वापरलेल्या कडेने परत एकदा ओढावा. एवढे झाले की स्वॅब टाकून द्यावा. तो महाग वाटतो म्हणून दुसऱ्यांदा फिरवला, तर पहिल्या फेरीत उचललेली घाणच काचेवर परत जाते. मागेपुढे घासणे आणि ठिपक्यावर गोल गोल रगडणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत.

सेन्सर हलवून फोटोतली थरथर कमी करणाऱ्या कॅमेऱ्यांत सेन्सर तरंगत्या चौकटीवर बसवलेला असतो आणि स्वॅब टेकवताच सरकू शकतो. अशा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सफाईचा जो क्रम दिला असेल, म्हणजे मेनूतला कोणता पर्याय आधी आणि कॅमेरा कधी बंद करायचा, तो अक्षरशः पाळावा आणि दाब नेहमीपेक्षाही कमी ठेवावा. हात कापत असेल किंवा पहिल्यांदाच करत असाल, तर हा पहिला प्रयोग अशा कॅमेऱ्यावर नको.

आता चाचणीचा फोटो काढावा. मधले ठिपके गेले आणि कडेला नवे आले, तर स्वॅबने घाण कडेला ढकलली आहे असे समजावे; दुसरा नवा स्वॅब विरुद्ध कडेपासून सुरू करावा. फिकट रेघा दिसत असतील तर नव्या स्वॅबवर एकच थेंब घ्यावा. एका बैठकीत तीन स्वॅबांची मर्यादा मी स्वतः पाळतो. त्यानंतरही जे उरते ते आणखी पुसून जात नाही, असा माझा अनुभव आहे.

ठिपके पुन्हा पुन्हा येत असतील तर

धूळ परत येणे स्वाभाविक आहे, तेल परत येणे नाही. गोल, कडेने गडद ठिपके साफ केल्यावर काहीशे फोटोंतच पुन्हा दिसू लागले, आणि तेही दर वेळी सेन्सरच्या त्याच भागात, तर ते बाहेरून येत नसून शटर किंवा आरशाच्या यंत्रणेतून उडत आहेत. निकॉनचा २०१२ साली आलेला डी६०० हे याचे गाजलेले उदाहरण आहे. त्याच्या फोटोंत ठिपके येण्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०१४ साली कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी, सफाई आणि शटर बदलण्याचे काम विनामूल्य करून देण्याचे जाहीर केले. आपल्या कॅमेऱ्याबाबत असा संशय आला, तर प्रत्येक सफाईनंतरचा चाचणीचा फोटो तारखेसह जपून ठेवावा आणि कॅमेऱ्यातला फोटोंचा क्रमांकही नोंदवावा. वॉरंटी चालू असताना हा पुरावा फार उपयोगी पडतो. नव्या कॅमेऱ्यात सुरुवातीला थोडे वंगण उडणे मात्र असामान्य नाही, आणि एक-दोन सफायांनंतर ते बहुधा थांबते.

कधी थांबावे

पुढील परिस्थितीत घरी काहीही करू नये आणि कॅमेरा तज्ज्ञाकडे न्यावा. डाग एकाच सरळ किंवा वाकड्या रेघेचा असेल आणि ओल्या सफाईनंतरही त्याचा आकार केसभरही बदलत नसेल, तर तो बहुधा लेपनावरचा ओरखडा आहे. तीन स्वॅबनंतरही ठिपका जागचा हलला नसेल, तर तो काचेच्या थरांच्या आत असण्याची शक्यता आहे, आणि ते थर उघडणे हे घरचे काम नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसली तर ती बुरशी असू शकते. द्रावण चौकटीखाली गेल्याची शंका आली, शटरच्या पात्यांना काही लागले, त्यांच्यावर पोचा दिसला, किंवा कॅमेरा सुरू करताना सेन्सरच्या चौकटीतून घरघर ऐकू आली, तर त्याच क्षणी बॅटरी काढून काम बंद करावे. पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह वाकलेल्या पात्यांना आणखी बिघडवतो. समुद्रात पडलेला किंवा पावसात आतून भिजलेला कॅमेराही याच यादीत येतो. आणि वॉरंटी चालू असेल, तर ओला स्वॅब हातात घेण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात, कारण वापरणाऱ्याने केलेले नुकसान तिच्यात सहसा धरलेले नसते.

कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र जवळ असेल तर पहिली पसंती त्याला द्यावी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार परिसरात कॅमेरा दुरुस्तीची जुनी दुकाने आहेत आणि तिथे अनुभवी हात मिळतात, पण कुठेही गेलात तरी सफाई कोणत्या द्रावणाने करणार आणि नवा स्वॅब वापरणार का, हे आधी विचारावे. देताना कार्ड, बॅटरी, पट्टा आणि लेन्स काढून घ्यावी, फक्त टोपी लावलेला कॅमेरा द्यावा, आणि आपला चाचणीचा फोटो ठिपक्यांभोवती खुणा करून सोबत द्यावा. परत घेताना स्वतःची लेन्स लावून दुकानातच एफ/१६ ला पांढऱ्या कागदाचा फोटो काढावा आणि शक्य असल्यास तो लॅपटॉपवर पाहूनच पावतीवर सही करावी. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर फिकट ठिपके दिसत नाहीत.